गंडमाळा : न दुखणारी गाठ

क्षयरोग म्हटला की खोकून खोकून खंगलेला रोगी आपल्या डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे 'खोकला नाही म्हणजे क्षय नाही' असा समज समाजात पक्का रुजला आहे. तो चुकीचा आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधून काढलेला क्षयाचा जंतू फुफ्फुसाबाहेरही घर करतो, आणि त्यात लसिका ग्रंथींचा क्रमांक फार वरचा आहे. आपले जुने लोक यालाच गंडमाळा म्हणत. सभासदांना व विद्यार्थ्यांना या रोगाची ओळख व्हावी, म्हणून आम्ही हा लेखनप्रपंच करीत आहोत.

लसिका ग्रंथी या शरीराच्या पहारेकरी आहेत. घसा किंवा दात बिघडला तरी मानेत गाठ येते. पण ती दुखते आणि मूळ आजार बरा झाला की बहुधा बसते. क्षयाच्या गाठीची चाल वेगळी असते :

१) गाठ बहुतेक वेळा मानेत, क्वचित काखेत वा जांघेत येते. ती हळूहळू वाढते व सहसा दुखत नाही.
२) पुढे शेजारच्या गाठी एकमेकींना चिकटून त्यांचा घोस बनतो.
३) नंतर गाठ मऊ पडते. आत पू होतो, पण हाताला ती गरम लागत नाही.
४) शेवटी त्वचा फुटते आणि जखम महिनोन्महिने वाहत राहते.

काहींना बारीक ताप, रात्री घाम, भूक मंदावणे, वजन घटणे असा त्रास होतो. अनेकांना यांपैकी काहीच होत नाही. छातीचा एक्स-रेही निर्दोष येऊ शकतो.

न दुखणे हीच या रोगाची फसवणूक आहे. मुली ओढणीखाली गाठ लपवितात. लग्न मोडेल या भीतीने आईबापही गप्प बसतात. कोणी लेप लावतो, कोणी डाग देतो, कोणी गाठ चिरतो. यात मोलाचा काळ वाया जातो. वास्तविक, केवळ गाठींचा क्षय असेल तर तो सहसा दुसऱ्याला लागत नाही. मग रोग्याचे ताट-पेला वेगळा कशासाठी?

दोन आठवड्यांहून अधिक टिकलेली गाठ डॉक्टरांना दाखवावी. बारीक सुईने गाठीतील अंश काढून तपासतात. त्याच नमुन्यावर सीबीनॅट चाचणीही होते. गरज पडल्यास गाठीचा तुकडा काढून तपासतात. ही तपासणी टाळू नये, कारण अशी गाठ कर्करोगाचीही असू शकते.

औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. साधारणतः दोन महिने चार औषधे व पुढे चार महिने तीन औषधे असा सहा महिन्यांचा क्रम असतो. आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात. उपचार चालू असताना गाठ काही काळ वाढूही शकते. अशा वेळी औषध मनाने बंद न करता डॉक्टरांना भेटावे. लघवी तांबूस होणे हा औषधाचाच परिणाम आहे. मात्र डोळे पिवळे झाले किंवा दृष्टी अंधुक झाली, तर त्वरित दाखवावे.

आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी केली, असा प्रसंग विनयपिटकात आहे. आपल्या वस्तीत कोणाच्या मानेत गाठ दिसली, तर कुजबुज न करता त्या व्यक्तीसोबत दवाखान्यात जावे आणि सहा महिने तिची विचारपूस करावी. आमच्या मते धम्माचे आचरण ते हेच.