रिळाचा स्क्रू : साधे यंत्र, गंज आणि माझी एक चूक

(इयत्ता ६ वी, सामान्य विज्ञान : 'साधी यंत्रे' या घटकासाठी पूरक वाचन)

आज आपण अगदी छोट्या वस्तूची माहिती घेणार आहोत. तिचं नाव स्क्रू. जुन्या मराठीत याला मळसूत्र म्हणतात. आपल्या खाडीत गरवायला जाणाऱ्या माणसांच्या हातात काठी असते आणि काठीला रीळ असतं. त्या रिळात पाच-दहा तरी बारीक स्क्रू असतात. एक जरी ढिला झाला तरी चोणक किंवा तांबोशी ओढ मारते तेव्हा रीळ दगा देतं.

प्रसंग

मागे सहावीतला एक मुलगा वर्गात जुनं रीळ घेऊन आला. त्याचे आजोबा बोटीवर नोकरीला होते, तेव्हा त्यांनी ते बाहेरून आणलेलं. अमेरिकन बनावटीचं. बाजूच्या झाकणाचे दोन स्क्रू पडून गेले होते. "मॅडम, हे बसवता येतील का?" तो म्हणाला. मला वाटलं, पाठ शिकवायला याहून चांगलं साधन कुठलं मिळणार! मी हार्डवेअरच्या दुकानातून दिसायला तसेच, चकचकीत दोन स्क्रू आणले. पहिले दोन आटे सहज गेले, मग घट्ट लागायला लागलं. मी जोर लावला. बसले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पावसाळा संपल्यावर तो मुलगा रीळ घेऊन परत आला. स्क्रूंवर तांबडा गंज होता आणि भोवती पांढरी भुकटी. एक काढायला गेले तर डोकंच तुटून हातात आलं. दुसरा निघाला, पण सोबत रिळाचे आटेही घेऊन निघाला. आजोबा शाळेत आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, स्क्रू चार आण्याचा असतो, पण आटे रिळाचे असतात."

हा पाठ त्या वाक्यासाठी लिहिला आहे.

१) स्क्रू म्हणजे गुंडाळलेला उतार

कागदाचा काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्याची तिरपी कड पेन्सिलीवर गोल गोल चढत जाते. हाच स्क्रूचा आटा. म्हणजे स्क्रू हे उतरणीचंच दुसरं रूप आहे.

आता थोडं गणित करू. 'एम ३' या मापाच्या स्क्रूची जाडी ३ मिमी असते आणि दोन आट्यांतलं अंतर ०.५ मिमी. एका फेऱ्यात स्क्रू अर्धा मिलिमीटर आत जातो. तुमच्या स्क्रू ड्रायव्हरची मूठ २० मिमी जाडीची असेल, तर एका फेऱ्यात तुमचा हात सुमारे ६३ मिमी फिरतो. ६३ भागिले ०.५ म्हणजे जवळजवळ १२५ पट फायदा! यातला बराच भाग घर्षणात जातो. तरी जे उरतं ते थोडं नसतं. म्हणून लहान मुलाच्या हातानेसुद्धा अ‍ॅल्युमिनिअमचे आटे उखडू शकतात. माझ्या हाताने उखडलेच.

२) सारखा दिसतो म्हणजे सारखा नसतो

नंतर लेथवाल्याने गेज लावून दाखवलं. त्या रिळाचे आटे इंचाच्या मापाचे होते, एका इंचात ४०. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. २५.४ भागिले ४० केलं की दोन आट्यांतलं अंतर ०.६३५ मिमी येतं. मी बसवलेला स्क्रू मात्र ०.५ मिमीवाला. पहिले दोन आटे जुळल्यासारखे वाटले, पुढे फरक साचत गेला आणि स्क्रूने मऊ धातू कापून स्वतःची वाट केली. "घट्ट बसतोय" असं मला वाटत होतं, तेव्हा खरं तर रीळ खराब होत होतं.

म्हणून नवीन स्क्रू आधी बोटांनी फिरवायचा. तीन-चार आटे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. अडला तर थांबायचं. जोर हे उत्तर नाही.

आणखी एक गोष्ट. जपानी रिळांच्या स्क्रूवरची अधिकची खूण आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरच्या टोकासारखीच दिसते, पण बऱ्याचदा ती जपानी मानकाची, म्हणजे जेआयएस पद्धतीची असते. त्यात साधं टोक नीट बसत नाही, निसटतं आणि खाच गोल होऊन जाते. टोक बरोबर असेल तर अर्धं काम झालं.

३) कोणत्या धातूचा स्क्रू?

हौशी लोक आपलं रीळ स्वतःच्या मनासारखं सजवतात. नवं हँडल, रंगीत नट, नवे स्क्रू. दुरुस्ती करतानाही हाच प्रश्न येतो, की धातू कोणता घ्यायचा?

• साधं लोखंड, वरून जस्ताचा मुलामा : स्वस्त आणि चकचकीत. पण खाऱ्या पाण्यात मुलामा लवकर संपतो आणि गंज चढतो. मी हेच आणले होते.

• स्टेनलेस स्टील ३०४ : यात सुमारे १८ टक्के क्रोमिअम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमिअम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पोलादाचं रक्षण करतो. बोल्टच्या डोक्यावर 'ए २' अशी खूण असेल तर तो साधारण याच जातीचा.

• स्टेनलेस स्टील ३१६ : यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम जास्तीचं असतं. मिठाचा मारा हे अधिक सोसतं. खूण 'ए ४'. समुद्राकाठी हाच घ्यावा.

• टायटॅनिअम : पोलादापेक्षा बरंच हलकं, समुद्राच्या पाण्यात गंजत नाही. महाग. शिवाय कोरडं बसवलं तर आटे एकमेकांना चिकटून जाम होतात.

• रंगीत अ‍ॅल्युमिनिअम : सर्वांत हलकं आणि दिसायला छान, पण मऊ. शोभेच्या जागी चालेल. काठीला धरून ठेवणाऱ्या पायाला किंवा हँडलला नको, कारण तिथे माशाचा सगळा जोर येतो.

४) पांढरी भुकटी कुठून आली?

दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. त्यात एक धातू झिजतो. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनिअम एकत्र असतील तर अ‍ॅल्युमिनिअम झिजतं आणि पांढरी भुकटी तयार होते. टायटॅनिअम असलं तरी तेच. म्हणजे महागडा स्क्रू स्वतः टिकतो, पण रिळाचं अंग झिजतं! उपाय साधा आहे. आट्यांना समुद्री वापराचं ग्रीस लावून मगच स्क्रू बसवायचा, म्हणजे पाणी आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी स्क्रू सहज निघतो.

उपक्रम

दोन बाटल्यांत मिठाचं पाणी घ्या. एकीत नुसता लोखंडी खिळा टाका, दुसरीत तांब्याची तार गुंडाळलेला खिळा. आठवडाभर रोज निरीक्षण करा. कोणता खिळा लवकर गंजतो ते वहीत लिहा. तिसऱ्या बाटलीत ग्रीस फासलेला खिळा ठेवून तुलना करा.

लक्षात ठेवा

१. जुना स्क्रू नमुना म्हणून दुकानात न्या. जाडी, लांबी आणि आट्यांतलं अंतर, तिन्ही जुळलं पाहिजे.
२. एका वेळी एकच स्क्रू बदला. काढलेले स्क्रू ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने कागदावर मांडा.
३. आधी बोटांनी, मग हलक्या हाताने.
४. गरवून आल्यावर रीळ गोड्या पाण्याने हळू धुवा. जोराची धार मारू नका, त्याने मीठ आत जातं.

स्वाध्याय

१. स्क्रूला उतरणीचं रूप का म्हणतात?
२. 'एम ३' स्क्रू १० फेरे फिरवला तर किती मिमी आत जाईल?
३. समुद्रावर वापरायच्या रिळासाठी तुम्ही कोणता स्क्रू निवडाल? कारण लिहा.
४. तुमच्या घरातली एखादी वस्तू चुकीच्या स्क्रूमुळे बिघडली आहे का? मोठ्यांना विचारून पाच ओळी लिहा.

जाता जाता, त्या रिळाचं काय झालं ते सांगते. लेथवाल्याने तुटलेला स्क्रू ड्रिल करून काढला, दोन्ही भोकांना एक माप मोठी टॅप मारली आणि ३१६ चे स्क्रू ग्रीस लावून बसवले. त्याची मजुरी मी दिली. आजोबा नको म्हणत होते, पण चूक माझी होती. आता रीळ चालतं, मात्र ते दोन स्क्रू बाकीच्यांपेक्षा जाड दिसतात. दरवर्षी 'साधी यंत्रे' शिकवताना मी ते रीळ मागून आणते आणि मुलांना आधी तेच दोन स्क्रू दाखवते.