काचेची पाटी

१

दिवाळी सरली होती. सोयाबीन विकून लोकांच्या हाती चार पैसे आले होते. एके दिवशी सकाळीच आप्पा माझ्या ओट्यावर आले. हातात एक कागद होता.

“गुरुजी, नातीला टॅब घ्यायचा हाय. औंदा ती दहावीला हाय. वर्गातल्या पोरी टॅबवर धडे बघत्यात. दुकानदार म्हणतो, सहा हजारात देतो. आज पाचशे बयाणा द्या, उद्या भाव वाढणार. देऊ का?”

मी म्हटले, “आप्पा, कागदावर काय लिहिले आहे ते वाचले का?”

आप्पा दोन वर्षांपूर्वी आपल्या रात्रवर्गात अक्षरे शिकले. त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचले, “सात इंच पडदा. दोन जी.बी. रॅम. बत्तीस जी.बी. साठा. गुरुजी, अक्षर लागलं, पण अर्थ लागला न्हाई.”

“मग बसा. आधी एक खरी हकीकत ऐका. बयाण्याचे नंतर बघू.”

तीच हकीकत मी तुम्हांलाही सांगतो.

टॅब म्हणजे टॅबलेट. औषधाची गोळी नव्हे! इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ पाटी असाच आहे. ही काचेची पाटी. हिला पेन्सील लागत नाही. बोट लावले की ती चालते. तिच्यावर पुस्तक वाचता येते, चित्रे पाहता येतात, शिक्षकांचे बोलणे ऐकता येते.

२

सन २०११ ची गोष्ट. त्या काळी चांगला टॅब फार महाग होता. अमेरिकेच्या ॲपल कंपनीचा दुसरा आयपॅड त्या वर्षी आपल्या देशात आला. त्याची किंमत २९,५०० रुपयांपासून पुढे होती. गरिबाच्या मुलाने तो दुकानाच्या काचेतूनच बघायचा.

त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला नवी दिल्लीत एक नवा टॅब निघाला. त्याचे नाव ‘आकाश’. तेव्हाचे शिक्षणखात्याचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी तो लोकांपुढे आणला. डेटाविंड नावाच्या कंपनीने तो तयार केला होता. राजस्थानची आय.आय.टी. ही मोठी शिक्षणसंस्था या कामात होती. सरकारला एक आकाश सुमारे २,२५० रुपयांना पडत होता. त्यातलाही काही भाग सरकार सोसणार होते. म्हणजे विद्यार्थ्याला तो आणखी स्वस्त पडणार होता.

आता तुम्हीच हिशेब करा. एका आयपॅडच्या पैशांत तेरा आकाश! देशात नव्हे, जगात गवगवा झाला. जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून वर्तमानपत्रांत त्याची बातमी आली.

मग लोक बोलू लागले. त्यांचे तीन तट पडले.

पहिला तट म्हणाला, “वा! एवढ्या स्वस्तात! आता खेड्यातले प्रत्येक पोर शिकणार.” या लोकांनी नुसता भाव पाहिला होता. पाटी हातात धरली नव्हती.

दुसरा तट हसला. “दोन हजारांत काय येणार? खेळणे येणार!” यांनीही पाटी हातात धरली नव्हती.

तिसरा तट लहान होता. या लोकांनी आकाश हातात घेतला, चालू केला, चार दिवस वापरला. ते म्हणाले, “भाव चांगला आहे. पण पडदा जोरात दाबावा लागतो. चाल मंद आहे. आणि बॅटरी लवकर उतरते.”

आप्पांना मी विचारले, “या तिघांत कोणाचे ऐकावे?”

आप्पा लगेच म्हणाले, “ज्यानं बैल औताला जुंपून बघितला, त्याचं.”

अगदी बरोबर. बाजारात बैलाची शिंगे सगळेच बघतात. चाल मात्र औताला जुंपल्यावरच कळते.

३

वापरणाऱ्यांची तक्रार काय होती, ती नीट समजून घेऊ. म्हणजे आप्पांच्या कागदाचाही अर्थ लागेल.

पडदा. आकाशच्या पडद्यात दोन पातळ थर होते. वरचा थर दाबून खालच्या थराला टेकला, की त्याला कळे. म्हणून बोट रुतवावे लागे. दुसऱ्या तऱ्हेच्या पडद्याला बोटाचा हलका स्पर्श पुरतो. आपल्या शरीरातून वीज जाऊ शकते. म्हणून बोट टेकताच पडद्यावरच्या बारीकशा विजेत फरक पडतो. तो फरक पडदा ओळखतो. आजचे बहुतेक मोबाइल असेच आहेत.

चाल. टॅबच्या पोटात एक हिशेबनीस बसलेला असतो. त्याला प्रोसेसर म्हणतात. त्याची चाल मेगाहर्ट्‌झ या मापाने सांगतात. आकाशची चाल ३६६ होती. ती त्या काळीही कमीच होती. एक पान उघडायला सांगावे आणि वाट बघत बसावे, असे होई.

रॅम. हा स्वयंपाकाचा ओटा समजा. ओटा मोठा असेल, तर पीठही मळता येते आणि भाजीही चिरता येते. ओटा लहान, तर एक काम उचलून ठेवावे, मग दुसरे मांडावे. आकाशचा ओटा २५६ एम.बी.चा होता. १,०२४ एम.बी. मिळून एक जी.बी. होतो. म्हणजे तो ओटा पाव जी.बी.चा झाला.

साठा. ही कणगी. धडे, चित्रे, गाणी यात साठवून ठेवतात. कणगी मोठी असली म्हणून ओटा मोठा होत नाही. दुकानदार पुष्कळदा कणगीचा मोठा आकडा सांगतो आणि ओट्याचे नाव काढत नाही. हे लक्षात ठेवा.

बॅटरी. हे कंदिलातले तेल. आकाशचे तेल तीन तासांच्या आसपास पुरे. शाळा तर पाच-सहा तासांची. खेड्यात वीज केव्हा जाईल ते सांगता येत नाही. तेव्हा ही मोठीच अडचण होती.

मी एवढे सांगेपर्यंत चहा आला. आप्पांनी कागद पुन्हा वाचला. म्हणाले, “म्हंजे माझ्या कागदावर कणगी हाय, ओटा हाय. पण तेल किती, ते लिहिलंच न्हाई!”

४

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

डिसेंबर २०११ मध्ये तोच आकाश सर्वसाधारण गिऱ्हाइकालाही २,५०० रुपयांना मिळू लागला. काही जणांनी घाईने घेतला. त्याच महिन्यात कंपनीने सांगितले, सुधारलेला टॅब येत आहे. त्याची किंमत २,९९९ रुपये. चाल ३६६ च्या जागी ७००. बॅटरीही जवळजवळ दीडपट.

म्हणजे ज्यांनी घाई केली, त्यांचे ४९९ रुपये वाचले. पण मंद पाटी पदरात पडली. ज्यांनी थांबायचे ठरवले, त्यांतही सगळ्यांना सुख लाभले असे नाही. लाखो लोकांनी नावे नोंदवली. पुष्कळांना महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. घाईही वाईट आणि नुसत्या जाहिरातीवर विसंबणेही वाईट.

सरकारी कामाचे काय झाले? २०१२ मध्ये ते काम आपल्या मुंबईच्या आय.आय.टी.कडे आले. ही संस्था पवईला आहे. तेथे प्राध्यापक दीपक फाटक आणि त्यांचे सहकारी या कामाला लागले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ निघाला.

त्याची चाल १,००० झाली. रॅम दुप्पट झाली, ५१२. बॅटरी वाढली. पडदा हलक्या स्पर्शाचा आला. सरकारला तो २,२६३ रुपयांना पडला. भाव जवळजवळ तोच, माल पुष्कळ सुधारलेला!

ज्या तीन गोष्टींबद्दल वापरणारे बोलले होते, त्याच तीन सुधारल्या. पडदा, चाल आणि बॅटरी. नुसती वाहवा करून हे कळले नसते. नुसते हसूनही कळले नसते. म्हणून खरी तक्रार ही निंदा नव्हे. ती चांगल्या कामाला मदतच आहे.

आकाश आता बाजारात मिळत नाही. पुढे ती योजना बंद पडली. घराघरांतल्या मुलांच्या हाती पाटी देण्याचा बेत पुरा झाला नाही. पण त्यातून घ्यायचा धडा जुना झालेला नाही.

५

आता माझी चूक सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

त्याच सुमारास मी शाळेत मुख्याध्यापक होतो. गावाने वर्गणी काढली. आप्पांनीही पन्नास रुपये दिले होते. त्या पैशांतून मी शाळेसाठी दोन स्वस्त टॅब आणले. कोणत्या कंपनीचे ते सांगत नाही. मी भाव पाहिला, खोके पाहिले, आणि पैसे मोजले. चालू करून पाहिले नाही. पक्के बिल मागितले नाही.

व्हरांड्यातल्या उजेडात पडद्यावरचे काही दिसेना. दुपारच्या सुट्टीआधी बॅटरी उतरे. वर्षभरात दोन्ही बंद पडले. दुरुस्तीला नेले, तर म्हणाले, “याचे सामान आता येत नाही.” माझी बदली होईपर्यंत ते दोन्ही कपाटातच पडून होते. वर्गणीचे पैसे होते ते. कोणी मला एका शब्दाने बोलले नाही. पण ती बोच अजून आहे.

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “गुरुजी, तुमी शिकलेले असून फसला. मग आमचं काय?”

मी म्हटले, “आप्पा, मी वाचायला शिकलो होतो. पण दुकानात उभा राहून विचारायला शिकलो नव्हतो.”

६

आप्पांनी त्या दिवशी बयाणा दिला नाही. दुसऱ्या दिवशी ते नातीला घेऊन दुकानात गेले. म्हणाले, “चालू करून दाखवा.” दुकानदाराने आधी कुरकुर केली. मग दाखवला. नातीने एक धडा लावला. धडा चालू असताना वही उघडली. पाटी अडकली. पुन्हा केले, पुन्हा अडकली. ओटा लहान होता.

आप्पांनी विचारले, “यातली अँड्रॉइड किती जुनी? सुधारणा किती वर्षं मिळणार?” दुकानदाराला सांगता आले नाही.

हा प्रश्न का विचारायचा? टॅबमध्ये एक मुख्य कारभारी असतो. पुष्कळ टॅबांत त्याचे नाव अँड्रॉइड. कंपनी अधूनमधून त्याला नवे शिकवते. दोष काढते, चोरांपासून राखण करायला शिकवते. कंपनीने शिकवणे सोडले, की पाटी दिसायला धड असते, पण नवी कामे तिला जमेनाशी होतात.

नात हिरमुसली. तिला पाटी त्याच दिवशी हवी होती. आणखी तीन आठवडे ती मैत्रिणीकडे जाऊन धडे बघत राहिली. मग आप्पांनी त्या मैत्रिणीचाच टॅब बघून तसाच घेतला. तीन हजार रुपये जास्त पडले. त्यासाठी घराचे पत्रे बदलायचे पुढच्या साली ढकलले. पण पाटी चालते. पक्के बिल त्यांनी ट्रंकेत ठेवले आहे. त्यावरची तारीख त्यांनी स्वतः वाचून घेतली.

घेण्यापूर्वी एवढे करा

१. काम काय आहे ते आधी ठरवा. मग भाव विचारा.
२. ज्याने तीच वस्तू महिनाभर वापरली आहे, त्याला विचारा.
३. दुकानात चालू करून बघा. उन्हात धरून बघा.
४. रॅम, साठा, बॅटरी हे तिन्ही आकडे स्वतः वाचा.
५. सुधारणा किती वर्षे मिळणार आणि दुरुस्ती कोठे होणार, ते विचारा.
६. पक्के बिल आणि हमीपत्र घ्या. फसवणूक झाली, तर ग्राहकांसाठी असलेल्या १९१५ या क्रमांकावर फोन करा.
७. “आजच घ्या, उद्या भाव वाढेल,” असे कोणी म्हटले, तर घरी जा आणि एक रात्र झोपून विचार करा.

शब्दांचे अर्थ

बयाणा – सौदा पक्का करण्यासाठी आधी दिलेले पैसे
तट – गट, बाजू
गवगवा – सगळीकडे बोलबाला
हमीपत्र – वस्तू बिघडल्यास दुरुस्त करून देण्याचा लेखी शब्द

प्रश्न

१. आकाशबद्दल बोलणाऱ्यांचे तीन तट कोणते? तुम्ही कोणत्या तटाचे ऐकाल?
२. ओटा आणि कणगी यांत फरक काय?
३. २,९९९ मधून २,५०० वजा करा. एवढ्या पैशांसाठी तुम्ही थांबला असता का? का?
४. गुरुजींची चूक कोणती झाली?
५. तुमच्या घरी घाईने घेतलेली एखादी वस्तू पडून आहे का? तिच्याबद्दल पाच ओळी लिहा.