सिस्टर, पोटात कळ येते

वणी हे दिंडोरी तालुक्यातील बाजाराचे गाव. सप्तशृंग गडाला जाणारे भाविक, द्राक्षबागांत राबणारे मजूर, आसपासच्या पाड्यांवरील आदिवासी, सर्वांची येथे ये-जा असते. यांपैकी कोणी आजारी पडून दवाखान्यात आले, तर बहुधा आधी भेटते ती परिचारिका. लोक तिला ‘सिस्टर’ म्हणतात. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीही काहींना हे काम करावेसे वाटत असेल.

बारावीनंतर त्यासाठी ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे; तो फक्त मुलींसाठी असतो. जी.एन.एम. तीन वर्षांचा असून त्यात मुलांनाही प्रवेश मिळतो. शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी म्हणजेच परवाना.

लेखी परीक्षेची धास्ती सर्वांनाच असते. पण खरी कसोटी प्रात्यक्षिकाची! तेथे खाटेवर रुग्ण असतो आणि शेजारी परीक्षक उभे असतात. साबणाने हात धुण्यापासूनच त्यांचे लक्ष असते. मग ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब पाहायचा. उर्दूत आपण जिला नब्ज म्हणतो, तीच नाडी. ती पूर्ण एक मिनिट मोजावी. प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला साधारण 60 ते 100 असते. श्वास मोजताना एक युक्ती करतात. नाडी मोजून झाली तरी मनगटावरची बोटे काढायची नाहीत आणि छातीकडे पाहून गुपचूप श्वास मोजायचे. ‘श्वास मोजते’ असे सांगितले, की माणसाचा श्वास बदलतो.

औषध देण्यापूर्वी नाव पडताळावे लागते. तेव्हा “तुम्हीच का त्या?” असे विचारू नये. कमी ऐकू येणारी आजी कशालाही ‘हो’ म्हणते. “आजी, तुमचं नाव सांगा,” असे म्हणावे आणि ते केसपेपरशी ताडून पाहावे.

आता आपल्या मराठीच्या तासाचा येथे काय संबंध, ते पाहा. आपण घरी एवढेच म्हणतो, ‘पेट में दर्द है.’ मराठी रुग्ण मात्र तसे सांगत नाही. पोटात कळ येते, मुरडा येतो, पाठीत चमक भरते, दात ठणकतो, जखम चुरचुरते. ताप येण्याआधी अंगात कणकण असते. मुरडा म्हटले, की जुलाबाची चौकशी करायची. चमक म्हटले, की ओझे उचलले होते का, ते विचारायचे. ज्या मुलीला हे सारे नुसते ‘दुखणे’ वाटेल, तिची नोंद अपुरी राहील. परीक्षेत फार तर गुण जातील. दवाखान्यात रुग्णाचे हाल होतील.

परीक्षक कधीकधी म्हणतात, “जुलाब होणाऱ्या बाळाच्या आईला ओआरएस समजावून सांगा.” एक पुडी, एक लिटर स्वच्छ पाणी, 24 तासांनंतर उरलेले ओतून द्यायचे. एवढे पाठ असते. पण लिटर म्हणजे किती, हे त्या माउलीला कसे कळावे? तेव्हा पाण्याची एक लिटरची बाटली तिच्या हातात द्यावी.

“ताई, ही बाटली पाण्यानं पूर्ण भरायची, ते पाणी पातेल्यात ओतायचं आणि सगळी पुडी त्यात टाकायची. अर्धी ठेवायची नाही. आता तुम्ही मला सांगा, कसं करायचं?”

आणि मग तिचे बोलणे पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये.