गोठ्यातली हगवण, पाळण्यातले जुलाब

नागपूरच्या वेशीवर, हिंगणा रस्त्याला आमचं घर. घराला लागूनच गोठा. दोन पावसाळ्यांपूर्वी गाय व्याली आणि आठव्या दिवशी वासराला पिवळी, पाण्यासारखी हगवण लागली. मी त्याला पदरानं पुसलं, औषध पाजलं, नुसत्या पाण्यानं हात विसळले आणि चौदा महिन्यांच्या लेकीला वरणभात भरवला.

आठवड्यानं लेकीला जुलाब लागले. डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंक दिलं, ते योग्यच होतं. शौचाच्या साध्या तपासणीत काही निघालं नाही. जंत असतील म्हणून जंताचं औषधही पाजून झालं. दहाव्या दिवशी तिचे डोळे खोल गेले, रडताना आसवं येईनात. त्या रात्री मी झोपले नाही.

वासराला बघायला आलेल्या ढोरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "ताई, घरात लहान लेकरू आहे का?" माझ्या पोटात धस्स झालं. बालरोगतज्ज्ञांना मी गोठ्याबद्दल अवाक्षरही बोलले नव्हते. ते कळताच त्यांनी शौचाचा नमुना वेगळ्या तपासणीला पाठवला. क्षयाचे जंतू शोधायला वापरतात त्याच पद्धतीच्या रंगानं तो तपासला आणि क्रिप्टोस्पोरिडियम सापडला. लेक वर्षाच्या वर होती, म्हणून त्यावरचं निटाझॉक्सानाइड हे औषध देता आलं.

हा जंत नव्हे, वासराच्या हगवणीतून माणसाला लागू शकणारा एकपेशीय परजीवी आहे. जंताच्या गोळीनं जात नाही. क्लोरीनलाही दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोक आजारी पडले, आणि ते पाणी क्लोरीन घातलेलंच होतं. म्हणून पाण्यात थेंब टाकून निर्धास्त राहू नका. पाणी खळखळून उकळा. सॅनिटायझरही इथं कामाचं नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं.

महिन्याच्या आतलं वासरू हगत असेल तर लेकराला भरवणाऱ्या बाईनं त्याचं करू नये, घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. गोठ्याची चप्पल, बादली, लुगडं वेगळं ठेवा. वासराला वेळेवर चीक पाजा, जागा कोरडी ठेवा. हा परजीवी ओलाव्यात तगतो, सुकला की मरतो. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, वासरू तिथं दाखवता येतं. लेकराला अंगावरचं दूध चालूच ठेवा, आणि जुलाब थांबले तरी झिंक चौदा दिवस पूर्ण द्या.

लेक आता तीन वर्षांची आहे. वासराला हात लावायचा हट्ट धरते. मोठ्या कालवडीजवळ जाऊ देते, मग दोघी नळाखाली साबण लावून उभ्या राहतो. तान्ह्या वासराजवळ मात्र अजून नाही, कितीही रडली तरी.