फॅनबेल्ट बदलायला खर्च किती? जुन्या ट्रॅव्हलरवाल्यांसाठी हिशेब

मागच्या सीटा काढून गाद्या, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवलेली जुनी टेम्पो ट्रॅव्हलर म्हणजे आपल्याकडचं चाकावरचं घर. राज्याचं कॅराव्हॅन धोरण 2021 मध्ये आलं. दिंडीमागे सामान आणि म्हातारी माणसं घेऊन जाणाऱ्या गाड्यांनी त्याची वाट पाहिली नव्हती. अशी गाडी माळावर बंद पडली की गाडी आणि घर दोन्ही अडकतं. बऱ्याचदा कारण असतं चार-पाचशे रुपयांचा रबरी पट्टा.

पट्टा काय फिरवतो?

फॅनबेल्टवर डायनामो (अल्टरनेटर) आणि वॉटर पंप चालतात. एसी आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर त्यांचे पट्टे वेगळे. फॅनबेल्ट तुटला की चार्जिंग थांबतं आणि पाणी फिरायचं बंद होऊन इंजिन तापतं. कित्येक डिझेल गाड्यांत डायनामोच्या पाठीलाच व्हॅक्यूम पंप असतो. तिथे पट्टा गेला की ब्रेकही जड होतो. म्हणून बॅटरीचा लाल दिवा पेटला आणि काटा वर सरकू लागला, तर 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' म्हणू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

बदलायचा कधी?

इंजिन थंड असताना, बंद करून, पट्टा उलटा वळवून बघा. आडव्या भेगा, सुटलेले धागे, काचेसारखी चकाकी, तेलाचे डाग यांपैकी काहीही दिसलं तर बदला. नव्या प्रकारच्या रबराला भेगा पडत नाहीत, ते नुसतं झिजतं. तिथे खाचांची खोली पाहावी लागते. सकाळी स्टार्ट करताना चीं-चीं आवाज येत असेल तर आधी ताण तपासा. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने जोरात दाबल्यावर साधा व्ही-पट्टा साधारण 10 ते 12 मिलिमीटर दबावा.

अंदाजे खर्च

- साधा व्ही-पट्टा: 250 ते 600 रुपये
- खाचांचा रुंद पट्टा: 600 ते 1,500 रुपये
- आयडलर बेअरिंग: 300 ते 800 रुपये
- पूर्ण टेन्शनर: 1,000 ते 2,500 रुपये
- मजुरी: एका पट्ट्याला 200 ते 500, सगळे एकदम केल्यास 500 ते 1,000 रुपये

ब्रँड आणि मॉडेलप्रमाणे भाव कमी-जास्त होतात. तीन पट्टे, एक बेअरिंग आणि मजुरी धरून अडीच ते साडेतीन हजारांची तयारी ठेवा. मागचा पट्टा बदलायला पुढचे काढावेच लागतात, म्हणून तिन्ही एकदम बदलले की मजुरी वाचते. जोडीने चालणारे पट्टे जोडीनेच बदला. एक नवा, एक जुना ठेवला तर सगळा भार नव्यावर येतो.

याउलट इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं, तर टोचन करून आणायचं भाडं वेगळं आणि हेडचं काम पंधरा-वीस हजारांच्या पुढे.

दुकानात काय बघाल?

जुना पट्टा सोबत न्या आणि त्यावरचा नंबर वाचा. 6पीके1750 म्हणजे सहा खाचा आणि 1,750 मिलिमीटर लांबी. 'थोडा लहान आहे, बसेल ओढून' हे ऐकू नका. जादा ताणाने बेअरिंग जातं. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी आहे. पक्कं बिल घ्या, नाहीतर बनावट माल निघाल्यावर हातात पुरावा राहत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

गॅरेजमध्ये काय सांगाल?

पट्टे निघाले की प्रत्येक पुली हाताने फिरवून घ्या. खरखर लागली तर बेअरिंग तेव्हाच बदला. वॉटर पंपाखाली ओल असेल तर तोही पाहा, कारण गळकं पाणी किंवा तेल नव्या पट्ट्याची वाट लावतं. आवाज घालवायला पट्ट्यावर ग्रीस किंवा स्प्रे मारू देऊ नका. जुन्या ट्रॅव्हलरच्या मर्सिडीज घराण्यातल्या डिझेल इंजिनात टायमिंगला चेन असते. त्या गाडीच्या बिलात 'टायमिंग बेल्ट' दिसला, तर काढलेला पट्टा दाखवा म्हणा.

ऊस गाळपाच्या हंगामात तालुक्यातले मिस्त्री ट्रॅक्टर-ट्रकांत अडकलेले असतात. आषाढीला निघायचं असेल तर हंगाम सरल्यावर, पण निघायच्या किमान पंधरा दिवस आधी काम करून घ्या. नवा व्ही-पट्टा सुरुवातीला थोडा सैल पडतो. दोन-तीनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा पाहावा लागतो आणि तेवढी धाव वारीआधीच झालेली बरी. उतरवलेल्यांतला धड पट्टा टाकू नका. पान्यांसोबत सीटखाली ठेवा आणि बदलल्याची तारीख व किलोमीटर बॉनेटच्या आत रंगाने लिहून टाका.