राहून गेलेली शुश्रूषा
अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस वेळोवेळी बदलावी, शस्त्रक्रियेनंतर त्यास लवकर चालवावे, हे पुराव्यांनी सिद्ध झालेले शास्त्र आहे. परिचारिकांना ते ठाऊकही असते. तरी कामाच्या रेट्यात नेमके हेच राहते; चुकलेले इंजेक्शन तक्त्यावर दिसते, न बदललेली कूस दिसत नाही. अमेरिकेत बिआट्रिस कॅलिश यांनी २००६ साली अशा राहून जाणाऱ्या नऊ गोष्टी नोंदविल्या. रुग्णास धीर देणे हीही त्यांतलीच. युरोपातील नऊ देशांच्या २०१४ मधील अभ्यासात, परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढता शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी अधिक आढळली. यंत्रांसाठी आपण सढळ हस्ते देता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परिचारिकांच्या वेतननिधीचाही विचार व्हावा, ही नम्र विनंती.