टपाल तिकीट आणि स्त्रियांचा मताधिकार

टपाल तिकीट ही केवळ पत्राचा हशील भरल्याची खूण नव्हे. कोणत्या घटनेचे स्मरण ठेवावयाचे, याचा निर्णयही त्या चिमुकल्या कागदावर उमटलेला असतो. ब्रिटनच्या 'रॉयल मेल' टपाल सेवेने १५ फेब्रुवारी २०१८ रोजी स्त्रियांच्या मताधिकाराच्या शताब्दीनिमित्त आठ तिकिटांचा संच काढला. त्यांतील एका तिकिटावर १९१३ सालचे छायाचित्र आहे. हॅम्पटन कोर्ट राजवाड्याबाहेर एक स्त्री 'द सफ्रेजेट' हे चळवळीचे साप्ताहिक विकत उभी आहे. ही स्त्री म्हणजे पंजाबचे अखेरचे शीख महाराज दुलीपसिंग यांची कन्या आणि रणजितसिंगांची नात, राजकन्या सोफिया दुलीपसिंग होय.

कर आणि प्रतिनिधित्व

सोफिया या व्हिक्टोरिया राणीच्या मानसकन्या. राहावयास घर मिळाले तेही राणीच्याच कृपेने. तरीही १८ नोव्हेंबर १९१० रोजी एमेलिन पँकहर्स्ट यांच्यासमवेत पार्लमेंटकडे निघालेल्या स्त्रियांच्या अग्रभागी त्या होत्या. पोलिसांच्या मारहाणीमुळे तो दिवस 'काळा शुक्रवार' म्हणून ओळखला जातो. ज्या राज्यकारभारात आपणास मत नाही त्यास कर का द्यावा, असा त्यांचा प्रश्न होता. १९११ साली परवाना शुल्क भरण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांची सात हिऱ्यांची अंगठी जप्त होऊन लिलावात निघाली. चळवळीतील एका भगिनीने ती विकत घेऊन त्यांना परत केली.

६ फेब्रुवारी १९१८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये तीस वर्षांवरील, मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या सुमारे ८४ लाख स्त्रियांना मत मिळाले. पुरुषांप्रमाणे एकविसाव्या वर्षी मत देण्याचा हक्क मिळण्यास मात्र १९२८ साल उजाडावे लागले.

भारतातील वाटचाल

आपल्याकडे डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखालील स्त्रियांच्या शिष्टमंडळाने मद्रास येथे भारतमंत्री माँटेग्यू यांची भेट घेऊन मताधिकाराची मागणी केली. १९१९ मध्ये मुंबईच्या हिराबाई टाटा व त्यांच्या कन्या मिठन यांनी लंडनमध्ये हीच बाजू मांडली. ब्रिटिश सरकारने हा निर्णय प्रांतिक विधिमंडळांवर सोपविला. १९२१ साली प्रथम मद्रासने व त्यानंतर मुंबईने स्त्रियांना मत दिले. तथापि मालमत्तेच्या अटीमुळे त्याचा लाभ मोजक्याच स्त्रियांना झाला. ही अट व स्त्री-पुरुष भेद दोन्ही दूर केले ते १९५० च्या राज्यघटनेने. अनुच्छेद ३२६ अन्वये प्रत्येक प्रौढ नागरिकास मत मिळाले. प्रारंभी एकवीस असलेली वयोमर्यादा एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून अठरा झाली.

नाव हीच पहिली पायरी

हक्क कागदावर मिळणे आणि तो हाती येणे यांत अंतर असते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदार याद्या तयार होत असताना अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची पत्नी' किंवा 'तमक्याची मुलगी' एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत. परिणामी सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश येथील स्त्रियांची संख्या मोठी होती. निर्णय कठोर होता. परंतु मत व्यक्तीचे असते, कुटुंबाचे नव्हे, हे तत्त्व त्यामुळे प्रस्थापित झाले.

महाराष्ट्रात २०११ च्या कायद्यानुसार पंचायत राज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तथापि सदस्य होण्यापूर्वी मतदार असणे आवश्यक असते. विवाहानंतर गाव बदलणाऱ्या मुलीचे नाव माहेरच्या यादीतच राहते, सासरच्या यादीत ते येत नाही. स्थलांतराचा अर्ज नमुना ८ मध्ये व नव्या मतदाराचा नमुना ६ मध्ये करावयाचा असतो. २०२२ पासून नोंदणीसाठी वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत. ग्रामसभेत याद्यांचे वाचन करताना सदस्यांनी नवविवाहितांची नावे आवर्जून पाहावीत, तसेच शिक्षकांनी बारावीच्या विद्यार्थिनींना ही माहिती द्यावी. एका राजकन्येने अंगठी गमावून ज्या हक्काची किंमत सांगितली, तो हक्क केवळ एक अर्ज न भरल्याने कोणाही भगिनीच्या हातून निसटू नये.